झाकणाखालचं नाव

फुटबॉलचा वर्ल्डकप येणार म्हणून अमेरिकेतलं एक शहर स्टेडियमभोवतीचे रस्ते नवे करत होतं, आणि त्या रस्त्यांवरच्या ड्रेनेजची झाकणं शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतली जात होती. शेवटच्या लॉटमधलं एक झाकण तपासणीला नव्यानं आलेल्या संयोगितानं उलटं केलं आणि साचे भरणारे गणपतराव हातातलं काम टाकून पुढं आले. झाकणाच्या पाठीवर ठसठशीत नाव उठलं होतं, 'सर्जेराव'.

"मामा, हे ड्रॉइंगमध्ये न्हाय. कुणी घातलं?"

"मीच की. साच्याच्या वाळूत उलटी अक्षरं कोरली." गणपतराव खाली बघत म्हणाले. "सर्जेराव समोरच्या पेठेचा फॉरवर्ड हुता. वर्ल्डकप खेळणार म्हणायचा. तालमींच्या फुटबॉल संघांच्या फायनलला मी आमच्या पेठेच्या गोलात हुतो. बॉल सोडून त्याच्या पायावर पडलो. त्यो पाय परत मैदानात आला न्हाय. तीस वर्सं झाली, त्याला तोंड दाखवायचं धाडस झालं न्हाय. म्हटलं, नाव तरी स्टेडियमच्या दारात जाऊ दे. रिजेक्ट करा मॅडम, दुसरं ओततो."

संयोगितानं त्या नावावरून हळूच बोट फिरवलं. मग खडू घेऊन कडेला 'ओके' लिहिलं.

"आणखी एका झाकणाखाली तुमचं नाव घाला, मामा," ती म्हणाली. "गोलात कोणतरी पायजे की. पप्पा एकटेच तिथं जाऊन गोल कुणावर मारणार?"