आश्रमाची पिशवी

सबनीसकाकूंनी चकल्यांचं पाकीट परत काउंटरवर ठेवलं. "आज नको गं. उद्या मी आश्रमात राहायला जातेय. तिथे तुझ्याच चकल्या येतात ना?"

उज्ज्वलाने मान डोलावली. 'दर दहा पाकिटांमागे एक वृद्धाश्रमाला,' अशी पाटी तिच्या दुकानावर होती. ती वाचूनच काकू इतकी वर्षं इथून चकल्या घ्यायच्या. आश्रमाच्या पिशवीत मात्र उज्ज्वला न खपलेला, खवट झालेला माल भरायची. फुकटच्या मालाला कोण नावं ठेवणार?

"आश्रमाची पिशवी हीच ना? दे, मीच नेते सोबत."

"राहू दे काकू, जड आहे," उज्ज्वला घाईने म्हणाली.

काकूंनी ती उचललीही होती. दारात थांबून त्यांनी संकोचत विचारलं, "यातली एक आजच खाल्ली तर चालेल ना गं?"