सेवाव्रतींचा सल्ला

सासऱ्यांना पार्किन्सन. चालता चालता दार आलं की त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. आज ते लेकाच्याच खोलीच्या दारात अडकले. सुनेने एका हाताने त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने, फोनवरच्या रुग्णसेवकांच्या गटात नाव न देता विचारलं, "सासरे दारातच खिळलेत, आता काय करू?" एकाने लसूण खायला घाला म्हणून सांगितलं, एकीने गुलाबासकट सुप्रभात पाठवलं, तर तिसऱ्याने "सगळे मनाचे खेळ!" असं निदानच करून टाकलं. शहाण्यांना काय तोटा!

खरं उत्तर आलं ते 'सेवाव्रती' या टोपणनावाने लिहिणाऱ्याचं. गटात हा एकच माणूस असा, की डॉक्टरांकडून पडताळून घेतलं तरी ज्याचं सांगणं कधी खोटं ठरलं नव्हतं.

"ताई, ओढू नका. क्षणभर थांबा, फरशीची रेघ दाखवा आणि ती ओलांडायला सांगा. आणि तुमच्या यजमानांना म्हणावं, जरा हलवा की बूड! बाप कोणाचा आहे?"

सुनेने लिहिलं, "देवमाणूस आहात. तुमच्यासारखा मुलगा प्रत्येक बापाला मिळो."



समोर पलंगावर लोळणाऱ्या नवऱ्याचा फोन किणकिणला. वाचून तो गालातल्या गालात हसला आणि मान वर न करताच म्हणाला, "अगं, बाबांना हलव ना दारातून, उजेड अडतोय."