चार खांदे

"तक्रार मागं घेतो म्हण, लगेच चार खांदे देतो," पंच उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

लेकीचं परजातीत लग्न लावलं म्हणून जातपंचायतीनं आम्हाला वाळीत टाकलं. पोलिसांत तक्रार बायकोनं केली होती. आज पहाटे ती वारली.

वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "काका, असं अडवणं हासुद्धा गुन्हाच आहे. दुपारपर्यंत पोलीस घेऊन येते."

"बाई, पोलीस खांदा देतील. लेक लांब आहे, उद्याशिवाय पोचत नाही. हिला आंघोळ कोण घालणार?"

मी पंचांना हो म्हणालो. बायका लगबगीनं आत शिरल्या. शेजारच्याच घरातली तिची सख्खी बहीण दंडाच्या भीतीनं वर्षभर आमच्या दाराकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं पाणी तापवलं, बहिणीला आंघोळ घातली आणि हंबरडा फोडला, "आक्का, एकदा तरी बोल गं माझ्याशी!"