चॅनलवाल्यांची गावकी

बातम्या लागायला अजून अवकाश होता, पण चंद्रावतीच्या घराची ओटी माणसांनी केव्हाच भरली होती. गव्हाण गावातली अख्खी आळी तिनं बोलावली होती. टीव्हीच्या समोर, गादीवर, खांदा कॉलनीहून आलेल्या सखूबाई बसल्या होत्या. चंद्रावतीच्या लेकीचा, भाविकाचा साखरपुडा यांच्याच मुलाशी झालेला, आणि लग्न अडवून धरलं होतं तेही यांनीच.

का, तर पनवेलजवळच्या एका लॉजवर धाड पडली आणि बातमीत चॅनलनं भाविका दाखवली. मावसबहिणीच्या हळदीत नाचतानाचा, मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ उचलला आणि दिला चिकटवून! दिवसभर तेच तोंड, भोवती लाल गोल. तेव्हापासून पोरीनं उंबरा ओलांडला नव्हता.

चंद्रावतीचा पुतण्या हरेश वकिलाकडे कामाला. त्यानं चॅनलकडे तक्रार केली, तिथं कोणी दाद दिली नाही. मग तक्रार चॅनलवाल्यांच्या मंडळाकडे गेली. हे सरकारी का, चंद्रावतीनं विचारलं होतं. नाही, त्यांचं त्यांनीच नेमलेलं, तो म्हणाला. बाईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे गावकीच की! गावकीत चुकलेल्याला देवळापुढं उभं करतात. ज्याचं वाईट केलं त्याचं नाव घेऊन तो चारचौघांत हात जोडतो, की मिटलं. मंडळानं माफी मागायला लावली म्हटल्यावर तिनं आज शिरासुद्धा करून ठेवला होता.

माफी आली. निवेदिका भराभर वाचून मोकळी झाली, एका बातमीत अनवधानानं असंबंधित दृश्य दाखवलं गेलं, आम्ही दिलगीर आहोत. मागे तीच हळद, तोच नाच. फक्त नाचणारीचं तोंड धुरकट केलेलं. नाव नाही, गाव नाही. लगेच साबणाची जाहिरात लागली.

"ही भाविकाच कशावरून?" सखूबाईंनी विचारलं. "तोंड तर झाकलंय."

हरेश खाली बघत म्हणाला, मंडळाचा नियमच आहे. पोरीची बदनामी नको म्हणून चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही.

"तवा नाय झाकलं," चंद्रावती म्हणाली. "आन आता झाकलं?"

सखूबाई पदर सावरत उठल्या. शिऱ्याच्या बशीला त्यांनी हात लावला नव्हता. "टीव्हीत तोंड चोराचं झाकतात," त्या शांतपणे म्हणाल्या.

आळीतली माणसंही चपला शोधू लागली. इतके दिवस चंद्रावती दारोदार सांगत फिरली होती, टीव्हीतली ती पोर माझी म्हणू नका. आता ती टीव्हीपाशी धावली आणि जाहिरातीतल्या फेसावर हात आपटत राहिली.

"तीच व्हती वो ती. माझीच भाविका व्हती. तुमी वळखली नाय का?"