बाबा कायमचे घरी येणार

बाबांच्या बोटीवरच्या नाथाकाकांनी पेढा अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानंच बाँब फोडला.

"वहिनी, अभिनंदन! दशरथनं आणखी पाच वर्षांची सही ठोकली. नेव्हीशिवाय करमत नाही बघा तुमच्या नवऱ्याला!"

सुरुची पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा फरशीकडे बघत होते.

सही? कसली सही? बाबा तर कायमचे घरी येणार होते! नेव्हीत पंधरा वर्षं भरली की सुटका, हे ती बालवाडीपासून ऐकत आली होती. आणि ती पंधरा वर्षं या, एक्क्याण्णवच्या, गणपतीत भरत होती. जेसल पार्कातल्या साऱ्या मैत्रिणींना तिनं सांगून ठेवलं होतं. शेजारची मिनल तर वैतागून म्हणायची, "हो गं बाई, कळलं, तुझे पप्पा येणारेत! आता गॅदरिंगचं बोल."

बाबा मूळचे माणगावकडचे. घरात सहा भावंडं आणि जमीन एवढीशी, की पिकलेला भात शिमग्यापर्यंत पुरला तर नशीब. दोन भावांत एक सदरा. तो ज्याच्या अंगात, तो त्या दिवशी शाळेत. नेव्हीत दोन्ही वेळा पोटभर जेवायला मिळतं असं कुणीतरी सांगितलं आणि सतराव्या वर्षी बाबा भरतीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तेव्हापासून बोटीच्या पोटात, इंजिनाच्या धगीत. घर म्हणजे वर्षातले दोन महिने.

पण ते दोन महिने काय धमाल असायची! बाबा पहाटे शिट्टी मारून उठवायचे. चादरीवर सुरकुती दिसली की पुन्हा घाल. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे परेडला उभे. आई बिचारी मिठासाठी चार-चार झाकणं उघडायची आणि सुरुची पोट धरून हसायची. बिल्डिंगच्या पाण्याचा कारभार एरवी आईचा. टँकर उशिरा आला की ती खाली उतरून अशी काही कडाडायची, की तो आडदांड ड्रायव्हर "गलती हो गया भाभी" म्हणत मुकाट पाईप जोडायचा. बाबा आले की पंपाची किल्ली त्यांच्याकडे. "तू बस गं आता, मी आहे ना," ते म्हणायचे. आई बसायची. खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायची. सुरुचीला वाटायचं, किती लाड करतात बाबा आईचे!

नाथाकाका गेले आणि सुरुचीचा बांध फुटला.

"मंगळवारी कुलाब्याला गेलात ते सुटायचे कागद करायला ना? मी तुमच्या शर्टाला इस्त्री करून दिली होती, बाबा! आणि तुम्ही तोच शर्ट घालून जाऊन सही करून आलात?"

"पुढे बढती आहे, बाळा," बाबा म्हणाले. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं.

"म्हणजे आमच्यापेक्षा तुम्हाला तुमची बोट प्यारी!"

बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. आई पाठमोरी उभी राहून ओटा पुसत होती. मघाशीच पुसलेला ओटा.

"तसं समज," बाबा म्हणाले.

झालं! सुरुचीनं बोलणं टाकलं. उरलेली सगळी रजा बाबांशी एक अक्षर नाही. त्यांनी एकदा खाडीवर फिरायला चल म्हटलं, तर तिनं पुस्तकातून मान वर केली नाही. जायच्या दिवशीही ती खाली उतरली नाही. बाबांनी बॅग रिक्षात टाकली आणि गॅलरीकडे बघत उभे राहिले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सुरुचीनं हात हलवला नाही. मुद्दामच नाही.

आई वर आली, तशी ती आईच्या गळ्यातच पडली.

"तू गप्प कशी बसलीस गं? भांड ना त्यांच्याशी! त्यांनी तुलाही फसवलं, आई, तुलाही!"

आईनं तिला थोपटलं नाही. गळ्यातले हात हळूच सोडवले आणि तिच्यासमोर खाली बसली.

"ते असले की मी पाहुणी होते गं या घरात," ती म्हणाली. "त्यांचा काही दोष नाही. ते राहायलाच आले होते, सुरू. मीच म्हटलं, नका राहू."