फडक्यावरचे टाके

तपासणीच्या खोलीत तिघंच होती. हृदयाच्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघणारे डॉक्टर, डाव्या कुशीवर झोपलेली एकवीस वर्षांची मुलगी आणि भिंतीला टेकून उभी असलेली तिची आई. आईच्या हृदयात धातूची झडप होती. खोली इतकी शांत होती की तिची टिकटिक सगळ्यांना ऐकू येत होती.

आई शिवणकाम करायची. तिच्या पिशवीत आज एक पांढरं फडकं होतं. मुलगी अकरा वर्षांची असताना घसा दुखण्याचं निमित्त झालं, सांधे सुजले, अन् तेव्हापासून, दुखणं हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ नये म्हणून, दर एकविसाव्या दिवशी पेनिसिलिनचं इंजेक्शन. एक इंजेक्शन झालं की फडक्यावर लाल दोऱ्याचा एक टाका. परीक्षा आल्या, लग्नं आली, पण खाडा नाही. मुलगी लंगडत घरी यायची आणि दोन दिवस आईशी कट्टी करायची.

आजी याच दुखण्यानं गेली, मावशीही. आईची स्वतःची झडपही त्यातच निकामी झाली होती. नातेवाईक म्हणायचे, रक्तातच आहे, त्यापुढे कुणाचं चाललंय? आई ऐकून घ्यायची आणि सुईत दोरा ओवायची.

डॉक्टरांनी पडद्यावरची मुलीची झडप दोनदा मोजली. मग तिसऱ्यांदा. आईनं पिशवी छातीशी धरली.

"झडपा स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "इंजेक्शनं आजपासून बंद."

आईला ते खरं वाटेना. मग घराण्यातल्या दुखण्याचं काय, असं तिनं विचारलं. तेव्हा ते तिच्याकडे वळले.

"तुमच्या रक्तात या आजाराचा कल आहे, ते खरंच. बाकीच्यांचा घसा दुखतो नि बरा होतो, तुमच्याकडे ते हृदयापर्यंत जातं. पण कल म्हणजे निकाल नव्हे, बाई."

आई खुर्चीत बसली आणि आनंदानं पोटभर रडली. डोळे पुसून तिनं फडकं काढलं. मागच्या इंजेक्शनचा टाका तिनं आजच्यासाठी राखून ठेवला होता. तो घातला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"एकशे चौऱ्याहत्तर," ती म्हणाली.

मुलगी बटणं लावता लावता थांबली. इतके टाके एकत्र तिनं कधी पाहिलेच नव्हते.

आईनं गळ्याखालच्या ऑपरेशनच्या जुन्या व्रणावर हात ठेवला.

"माझे डॉक्टरांनी घातले," ती म्हणाली. "तुझे मी घातले."