बुधवारचा रविवार

कॅप्टन द्रागुलेस्कूने तिसऱ्यांदा किल्ली मागितली आणि रोझिनाने ती तिसऱ्यांदा परकराच्या खिशात खोल सारली.

त्या उन्हाळ्यात रोमानियाच्या सैन्याचा तळ सरावासाठी गावाबाहेर पडला होता. गाव सगळं जर्मन. आठशे वर्षं तिथेच नांदलेलं, तरी कॅप्टनला परकं वाटणारं. चर्चभोवतीच्या तटातला बुरूज सदा कुलूपबंद असतो हे त्याला खटकलं. आत बंदुकाच असणार.

आत डुकराचं मांस आहे, हे सांगून रोझिना थकली. घरोघरचं खारवलेलं मांस, प्रत्येकावर त्या त्या घराचा शिक्का. बुरूज उघडायचा तो रविवारी, प्रार्थनेनंतर. सगळ्यांच्या देखत ज्याने त्याने आपलं आठवड्यापुरतं कापून न्यायचं. आज तर बुधवार. चाळीस वर्षं किल्ली सांभाळली, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. तुरुंग परवडला, पण रोझिनाने भलत्या वारी बुरूज उघडला, हे गावाने म्हणायला नको.

शिपाई कुलूप फोडायला घण घेऊन आला, तशी रोझिना दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हातारीला बेड्या घालायचं कॅप्टनच्याही जिवावर आलं होतं. त्याने घाम पुसला.

"रविवारच हवा ना, आजी? मग हा घ्या."

कागदावर दोन ओळी खरडून त्याने खाली पलटणीचा शिक्का उठवला. लष्कराच्या हुकमाने या गावात आज रविवार.

रोझिनाने कागद दोनदा वाचला. शिक्क्याच्या कागदापुढे त्या गावात कुणाचंच काही चालत नसे.

"मग घंटा वाजवते, साहेब. प्रवचन संपेपर्यंत मात्र बसायचं. तुम्हीसुद्धा."

घंटा वाजली. हातातली कामं टाकून, काळे कोट चढवून अख्खं गाव हजर झालं. पाद्रीबुवांनी मागच्याच रविवारचं प्रवचन पुन्हा केलं. कॅप्टन पहिल्या बाकावर तासभर जांभया गिळत बसला.

मग बुरूज उघडला. आत मांसाच्या ओळीच ओळी टांगलेल्या. कॅप्टनने गुपचूप टोपी काढली. चार दिवस मक्याच्या लापशीवर काढलेले त्याचे शिपाई दारात थबकले, आणि गावाने त्यांना घरोघरी जेवायलाच नेलं.

रोझिनाच्या टेबलावर दुसरा तुकडा उचलताना कॅप्टन म्हणाला, "कमाल आहे. एका हुकमावर इतक्या झटकन तर माझी पलटणसुद्धा गोळा होत नाही."

रोझिनाने आवाज खाली आणला.

"साहेब, इथे प्रत्येक घरातलं मांस मंगळवारीच संपतं. पण रविवार मागायचा कुणाकडे?"